एका घरगुती संगणकाची सुकाणू समिती

मेलबर्नजवळच्या टार्निटच्या ज्या नव्या वसाहतीत रस्त्यांना झाडांची नावं दिलेली आहेत आणि झाडं अजून लावायची आहेत, त्या वसाहतीत दत्तप्रसाद केळुसकर यांच्या घरी सप्टेंबर महिन्यात एक डेस्कटॉप संगणक घेण्याची गरज निर्माण झाली. गरज त्यांच्या पत्नीला, देवयानीला होती. म्हणजे तसं तिचं म्हणणं होतं.

घरात आर्किटेक्ट दोन होते. देवयानी पुण्यात घरांचे नकाशे काढायची. दत्तप्रसाद मेलबर्नच्या एका कंपनीत सोल्यूशन आर्किटेक्ट होता, म्हणजे तो चौकोन काढायचा आणि त्यांना बाण जोडायचा. व्हिसा बाणांना मिळाला, त्यामुळे नकाशे मागे राहिले. गेली चार वर्षं देवयानी एका पाळणाघरात दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसत होती. त्याच पाळणाघरात नातवाला सोडायला येणाऱ्या जूडी नावाच्या बाईंचं जवळच्या वेरिबीत घरांचे आराखडे काढून देण्याचं छोटंसं ऑफिस होतं, आणि त्यांचा ड्राफ्ट्समन ख्रिसमसला कायमचा पर्थला निघाला होता. बोलता बोलता विषय निघाला. जूडीने सांगितलं, "सुट्टीच्या आधी एक घर काढून दाखव. घरी बसून काढलंस तरी चालेल. आवडलं, तर जानेवारीपासून काम तुझं."

त्या संध्याकाळी देवयानीने इतकी घाईघाईने पोळी वाढली की ती दत्तप्रसादच्या ताटाबाहेर पडली.

"मला एक डेस्कटॉप लागेल. स्क्रीन मोठा हवा, बाकी फार काही नको. तुझ्या लॅपटॉपवर कंपनी काही टाकू देत नाही ना? शनिवारी जाऊन घेऊन येऊ या."

दत्तप्रसादने घास थांबवला. घेऊन येऊ या! अनुभवी माणसाला नवशिक्याची जी कीव येते, ती त्याला आली.

"असं नसतं गं. आधी रिक्वायरमेंट्स नीट गोळा करायला हव्यात."

"सांगितल्या की आत्ता."

"ती तुझी इच्छा झाली. रिक्वायरमेंट वेगळी."

दहा वर्षांची मिताली वरणभात कालवत म्हणाली, "डॅड, इट्स जस्ट अ कम्प्यूटर." तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

रविवारच्या आत समिती स्थापन झाली. अध्यक्ष दत्तप्रसाद. सदस्य तीन, तिघेही गाडीने दहा मिनिटांवर राहणारे आणि आयटीतले: सायबर सुरक्षा पाहणारा हृषीकेश, क्लाउडवाला निनाद आणि डेटाबेस सांभाळणारा अवधूत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'डेस्कटॉप स्टीअरिंग' ठेवलं आणि त्यावर जहाजाचं चित्र लावलं. देवयानीला ग्रुपमध्ये घेतलं नाही. ती एंड युजर, म्हणजे नुसती वापरणारी, पडली. संगणक घेतला जावा अशी तिची उघड इच्छा होती, त्यामुळे निर्णयप्रक्रियेत तिचे हितसंबंध गुंतले होते. हे दत्तप्रसादने तिला फार प्रेमाने समजावून सांगितलं. बैठका रविवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, तिच्याच घरी व्हायच्या, तेव्हा चहा आणि कांदाभजी मात्र तिने करायला हरकत नव्हती.

पहिल्याच बैठकीत मूलभूत प्रश्न उपस्थित झाले. हृषीकेशचं म्हणणं, नेटला जोडलेला प्रत्येक संगणक म्हणजे चोराला दिलेली किल्ली. बंद संगणक त्यातल्या त्यात बरा आणि न घेतलेला सर्वांत सुरक्षित. निनादला मुळात घरात यंत्र ठेवणं हेच मागासलेपणाचं वाटत होतं.

"आजकाल मशीन घरी कोण ठेवतं, यार? सगळं क्लाउडवर टाक."

"पण क्लाउड बघायला काहीतरी लागेल ना समोर?" अवधूतने विचारलं.

"तो इम्प्लिमेंटेशनचा डीटेल झाला," निनाद म्हणाला.

अवधूत थोडा साधा माणूस होता. "माझ्याकडे मागच्या वर्षीचा आहे, चांगला चालतो," असं तो म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी भज्यांकडे पाहिलं. चांगला चालतो हा काही निकष नव्हे. समितीने निकषांचा तक्ता करायला घेतला. त्यात प्रोसेसर, मेमरी, पंख्याचा आवाज, पाच वर्षांनी तो कितपत जुना वाटेल आणि सात वर्षांनी मितालीने युनीत, म्हणजे विद्यापीठात, काय घ्यावं, असे रकाने पडले. 'कशासाठी हवा' हा रकाना शेवटी होता. तो कागदाच्या कडेला आल्यामुळे छापताना कापला गेला.

मुख्य खरेदी लांबली तरी आनुषंगिक खरेदी अडली नाही, कारण तिच्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. उभं राहून काम करता येईल असं खालीवर होणारं टेबल आलं. स्क्रीन अधांतरी धरणारा लोखंडी हात आला, आणि धरायला काही नसल्यामुळे तो भिंतीकडे बोट दाखवत राहिला. कीबोर्ड आला. मग एक जड खोकं आलं, त्यात यूपीएस होता.

"इथे लाइट जातात का रे?" देवयानीने विचारलं.

"जात नाहीत. पण गेले तर?"

दत्तप्रसादचं बालपण भारनियमनात गेलं होतं. त्याच्याबरोबर त्याची भीतीही इथली पर्मनंट रेसिडेंट झाली होती.

मग मुहूर्ताचा प्रश्न आला. मराठी माणसाला वर्षात साडेतीन मुहूर्त पुरतात. ऑस्ट्रेलियातल्या मराठी माणसाला जूनअखेरचा सेल, ब्लॅक फ्रायडे आणि बॉक्सिंग डे धरून साडेसहा लागतात, आणि त्यातला एक गाठायचा तर बाकीचे सोडावे लागतात. दसरा जवळ होता. देवयानी म्हणाली, दसऱ्याला घेऊ, शुभ असतं. पण पुढच्या वर्षी नवी चिप येणार असल्याची बातमी निनादने आदल्या दिवशी ग्रुपवर टाकली. येऊ घातलेल्या चिपच्या तोंडावर जुनी चिप घेणं म्हणजे जावई यायच्या आदल्या दिवशी जेवण उरकून टाकण्यासारखं, असं ठरलं आणि दसरा गेला.

पूजा मात्र चुकवली नाही. दसऱ्याला यंत्राची पूजा करायची आपली रीत आहे आणि यंत्र आलेलं नाही ही काही सबब होत नाही. रिकामं टेबल पुसून त्यावर कीबोर्ड ठेवला. लोखंडी हाताला झेंडूची माळ घातली. यूपीएसला हळदकुंकू वाहिलं. आपट्याची पानं मिळाली नाहीत, म्हणून कोपऱ्यावरच्या निलगिरीची आणली. दत्तप्रसादने डोळे मिटून हात जोडले. देवयानीने हात जोडले, पण डोळे उघडे ठेवले. जेवणाच्या टेबलावर ती रोज पेन्सिलीने कच्च्या रेघा मारायची आणि पानं वाढायच्या वेळी कागद उचलून ठेवायची.

नोव्हेंबरात तिने हट्टच धरला, तेव्हा अध्यक्ष तिला प्रत्यक्ष पाहणीसाठी दुकानात घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईने देवयानीकडे बघून हसत विचारलं, "व्हॉट डू यू नीड इट फॉर, लव्ह?"

दोन महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारला होता. तिने तोंड उघडलं.

"वी आर स्टिल इन द रिक्वायरमेंट्स फेज," दत्तप्रसाद म्हणाला.

"नो वरीज," म्हणत ती बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. गाडीत देवयानी एक शब्द बोलली नाही. ती शांत आहे, म्हणजे तिला प्रक्रिया पटू लागली आहे, अशी नोंद दत्तप्रसादने मनात केली.

ब्लॅक फ्रायडेला निर्णय होणारच होता. सगळे निकष लावून शेवटी दोन यंत्रं उरली. दोन्हींत फरक एकच: एकाच्या पोटात निळे दिवे लागत आणि दुसऱ्याच्या पोटात लाल. मतदान झालं. हृषीकेश आणि अवधूत निळ्याच्या बाजूने, निनाद आणि अध्यक्ष लालच्या. कोंडी फोडायला अध्यक्षांना जादा मत होतं, पण ते स्वतःच्याच बाजूने टाकणं त्यांना नैतिकदृष्ट्या योग्य वाटेना. त्यांनी तज्ज्ञांची परीक्षणं पुन्हा एकदा पाहू असा तोडगा काढला. परीक्षणं पाहून होईपर्यंत निळे दिवे संपले होते आणि लाल दिव्यांच्या जागी राखाडी अक्षरांत 'माल शिल्लक नाही' असं आलं होतं.

त्याच आर्व्होला एक धक्कादायक प्रकार उघडकीस आला. अवधूत दूध आणायला बाहेर पडला, आणि त्याच्या बायकोला, लीनाला, एक संगणक हवा होता म्हणून समोर दिसला तो उचलून घरी आला. तक्ता नाही, तुलना नाही. वर त्याने ग्रुपवर लिहिलं, "मस्त चालतोय!" त्याला त्याच मिनिटाला ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

एक डिसेंबरला देवयानीने विचारलं, "आज जाऊ या?"

"आज?" दत्तप्रसाद दचकला. "आजपासून चेंज फ्रीझ आहे."

हे समजावून सांगायला हवं. दत्तप्रसादच्या कंपनीत डिसेंबर उजाडला की कुठल्याही यंत्रणेत कुठलाही बदल करायला बंदी असते. माणसं सुट्टीवर असतात, काही बिघडलं तर निस्तरणार कोण? सलग चार डिसेंबर हा नियम पाळल्यावर तो दत्तप्रसादच्या हाडीमाशी भिनला होता. मागच्या डिसेंबरात स्वयंपाकघरातला दिवा गेला, तेव्हा त्यांनी जानेवारीच्या मध्यापर्यंत फ्रिजचं दार उघडं ठेवून पोळ्या केल्या होत्या.

"अरे, हे आपलं घर आहे," देवयानी म्हणाली.

"म्हणून तर जास्त काळजी. इथे सपोर्ट टीमही नाही."

"जूडीची सुट्टी वीस दिवसांवर आली. मला एक अख्खं घर काढायचंय. फ्रीझमध्ये अपवाद नसतो का?"

"असतो ना. इमर्जन्सी चेंज." दत्तप्रसादला तिच्या या व्यावसायिक प्रश्नाचं खरोखर कौतुक वाटलं. त्याने तातडीने तिघांची बैठक बोलावली. अर्ज सहानुभूतीने ऐकला गेला. पण नियम स्पष्ट होता: चालू यंत्रणा बंद पडली तरच इमर्जन्सी. इथे मुळात यंत्रणा चालूच नव्हती. जे चालू नाही ते बंद कसं पडणार? हृषीकेशने तर तीन महिन्यांत या संगणकाची एकही तक्रार आली नसल्याकडे लक्ष वेधलं. अर्ज एकमताने फेटाळण्यात आला.

देवयानीने हातातली भज्यांची बशी टेबलावर ठेवली, म्हणजे जवळजवळ आपटलीच.

"चार वर्षं वाट पाहिली रे मी. तुझ्या व्हिसाची, तुझ्या पीआरची, या घराची. मला वाटलं, एक डबा तरी पटकन मिळेल. तुला मी जिंकावं असं वाटतं की तुझा तक्ता?"

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"चेंज मॅनेजमेंटमध्ये लोकांच्या भावना हाच सगळ्यात कठीण भाग असतो," निनाद म्हणाला. दत्तप्रसादने मान डोलावली. खरं तर त्याला थोडं वाईट वाटत होतं. पण वाईट वाटणं फ्रीझमध्ये बसतं का याची त्याला खात्री नव्हती, म्हणून त्याने एक भजं घेतलं.

त्यानंतर देवयानी रोज पाळणाघर सुटल्यावर परस्पर वेरिबीला जाऊ लागली. तिने जूडीला खरं काय ते सांगून टाकलं होतं. जूडी खूप हसली आणि म्हणाली, "नो वरीज, डार्ल. मागच्या खोलीत एक जुनं धूड पडलंय, ते वापर." ते धूड सुरू होताना खोकायचं आणि मग मुकाट काम करायचं. सुट्टीच्या आदल्या आर्व्होला घर काढून झालं. जानेवारीत देवयानीने पाळणाघर सोडलं.

फ्रीझ उठल्यावर समितीची समारोपाची बैठक झाली. एंड युजरचं काम बाहेर सुरू झाल्यामुळे घरात संगणकाची गरज उरली नव्हती. म्हणजेच गरज पूर्ण झाली होती, आणि तीही संगणक न घेता! चुकीचा संगणक घेतला गेला नाही, एकही बिघाड झाला नाही, एकही गोष्ट परत करावी लागली नाही. प्रकल्प यशस्वी झाल्याचं हिरव्या रंगात नोंदवून एकमेकांचं अभिनंदन करण्यात आलं. भजी कोणीच केली नव्हती, म्हणून बिस्किटं खाल्ली. इथल्या महाराष्ट्र मंडळाने दत्तप्रसादला 'घरगुती संगणक कसा निवडावा' या विषयावर बोलायला बोलावलं आहे.

त्या रात्री जेवताना देवयानीने त्याच्यापुढे फोन धरला. पडद्यावर तिने इथे काढलेल्या पहिल्या घराच्या आराखड्याचा, जूडीच्या ऑफिसातल्या जुन्या धुडासमोर उभं राहून घेतलेला फोटो होता. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या एका एकट्या बाईंसाठी ते घर होतं. देवयानीने स्वयंपाकाचा ओटा खाली घेतला होता आणि खिडकीही, म्हणजे बाईंना आपला चहा आपण करता येईल आणि करता करता रस्ताही दिसेल. पंधरा वर्षांच्या कामात इतकं मन लावून काही काढलं नव्हतं, असं ती म्हणाली.

दत्तप्रसादने फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. ओटा बाजूला गेला, खिडकी बाजूला गेली, आणि फोटोच्या अगदी कडेला त्या जुन्या धुडावर चिकटवलेलं मॉडेलचं स्टिकर दिसू लागलं. तो ते वाचण्यासाठी पुढे वाकला.

आता आपल्याविषयी. त्या स्टिकरवर काय लिहिलं होतं, हे इथे मुद्दाम दिलेलं नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं असं ज्या वाचकांना क्षणभर वाटलं, त्यांनी आपला फोन नंबर कळवावा. अवधूतची जागा अजून रिकामी आहे.