पैठणकर सरांचं टेस्टिंग

"भाऊ, तुम्ही म्हणाल तिथंच लावा," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि भिंतीवर खूण करायला काढलेली पेन्सिल केशवराव पैठणकरांनी मुकाट्याने खिशात ठेवली.

एसी खिडकीच्या वर लावायचा, हे त्यांनी चार दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. वहीत आकृती काढून हवेचे बाणही दाखवले होते. छावणीतल्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाची आकृती होती ती. पण फिटिंगला आलेल्या सांडूने बेडरूममध्ये पाऊल टाकलं, एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा पलंगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "इथं लावला तर हवा थेट डोक्यावर येईल, ताई. सकाळी मान आखडंल. बाल्कनीच्या भिंतीला घेऊ."

"बघा!" कालिंदीबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या.

त्यानंतर तासाभरात केशवरावांनी हा शब्द सहा वेळा ऐकला. सांडूने भिंतीला भोक पाडण्याआधी खाली जुनी चादर अंथरली, तेव्हा "बघा!" पडलेला चुरा त्याने स्वतःच झाडून घेतला, तेव्हाही "बघा!" पस्तिशीचा, दौलताबादचा हा उंचापुरा माणूस हात वर करून छताला टेकवत होता, सोबत आणलेली शिडी त्याला लागतच नव्हती. हे कालिंदीबाईंनी नुसतं पाहिलं. केशवरावांनी त्यांना पाहताना पाहिलं.

"आमच्याकडं साधा खिळा ठोकायचा म्हटलं तरी निम्मी भिंत खाली येते," पन्ह्याचा ग्लास सांडूच्या हातात देत कालिंदीबाई म्हणाल्या. "अजून घ्या. जायफळ घातलंय मुद्दाम."

बाहेर मे महिन्याचं बेचाळीस अंश तापमान होतं. केशवरावांच्या अंगाचा भडका त्याच्याही वर होता. बावीस वर्षांच्या संसारात आपल्या पन्ह्यात कधी जायफळ पडल्याचं त्यांना आठवेना.

घरातलं यंत्र भिंतीवर चढलं. बाहेरचं यंत्र बाल्कनीत लोखंडी स्टँडवर बसलं. पाणी जायची पांढरी नळी भिंतीच्या भोकातून बाहेर काढून सांडूने कठड्यावरून खाली सोडली. तांब्याच्या नळ्या जोडायला गेला, तर एका नटाला तडा गेलेला निघाला.

"औरंगपुऱ्यात मिळंल. गेलो आन आलो," सांडू गाडीची किल्ली घेत म्हणाला. "सर, तोवर कशाला हात लावू नका बरं का. पाणी ओतून टेस्टिंग राह्यलंय, ते मी आल्यावर करतो."

"ते कशाला हात लावतायत!" कालिंदीबाई हसत म्हणाल्या आणि मिक्सर चालू करायला स्वयंपाकघरात गेल्या.

हे हसणं केशवरावांना लागलं. पाणी ओतायचं, ते नळीतून बाहेर पडतंय का ते पाहायचं. ह्याला टेस्टिंग म्हणतात? पाणी उताराकडे वाहतं हे त्यांनी हजारो मुलांना शिकवलं होतं. सांडू परत येईल तेव्हा टेस्टिंग झालेलं असेल, आणि त्या वेळी "बघा!" कोण म्हणतं ते बघू.

ते सांडूच्या शिडीवर चढले. यंत्राचं झाकण उचललं आणि आतल्या पन्हाळीत एक तांब्या पाणी ओतलं. खाली उतरून बाल्कनीतून डोकावले. नळीच्या टोकाला थेंबही नव्हता. दुसरा तांब्या ओतला. तरी काही नाही. तिसरा ओतल्यावर पाणी पन्हाळीच्या काठाला येऊन थरथरायला लागलं.

नळी भोकातच कुठेतरी दुमडली असणार. यंत्राच्या कडेचं भोक तीन इंचांचं होतं, आणि त्यातून अजून ती एक बारीक नळीच गेली होती. केशवरावांनी अंगठा तळहातात दुमडला आणि हात आत घातला. हात सहज गेला. कोपरापर्यंत गेला. बोटं पलीकडे, बाल्कनीत, उन्हात निघाली. तिथेच त्यांना नळीची घडी सापडली. ती त्यांनी सरळ केली, आणि तुंबलेलं पाणी धो धो करत खाली गेलं.

"जमलं!" केशवराव म्हणाले आणि हात मागे ओढला.

हात आला नाही. मनगटावरचं चेनचं घड्याळ जाताना सरकून गेलं होतं. येताना ते भोकाच्या पलीकडच्या काठाला आडवं बसलं. त्यांनी जोर लावला, तसा डावा कोपर यंत्रावर आपटला, झाकण खाडकन मिटलं आणि पन्हाळीत उरलेलं पाणी त्यांच्या टकलावर उडालं.

खाली अंगणात तळमजल्यावरच्या केसरबाईंनी खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. नळीचं टोक बरोबर त्या खाटेवर होतं.

"आरं कोन हाय रं वर?" केसरबाईंचा आवाज आला. "माझ्या कुरडयांचा चीक केला की परत!" मग किंकाळी. "आगं बया! मास्तरीणबाई! तुमच्या भिंतीतून हात निघालाय! बोटं हलवायलाय बघा!"

मिक्सर बंद झाला. कालिंदीबाई धावत आल्या. शिडीवर, भिंतीला गाल चिकटवून, टकलावरून पाणी निथळत असलेले केशवराव त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

"अहो! हे काय?"

"टेस्टिंग."

कालिंदीबाई बाल्कनीत गेल्या. बोटं त्यांच्या डोक्यापेक्षा बऱ्याच वर होती आणि घरातली एकुलती एक शिडी केशवरावांच्या पायाखाली होती. एरवी तिथे खुर्ची मावायची, पण आता त्या जागी बाहेरचं यंत्र बसलं होतं.

"थांबा, सांडूभाऊंना फोन लावते."

"त्याला कशाला? येईल माझा मी!"

"मग या की."

केशवराव आले नाहीत. दहा मिनिटांनी सांडू आला. तो दारातच थांबला. भिंतीकडे बघितलं, शिडीकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. अगदी सणासुदीचा झाला.

"सर," तो नम्रपणे म्हणाला, "एक फोटो काढू का?"

"फोटो? अरे, आधी हात काढ माझा!"

"काढतो की. पन एवढा एक फोटो लागतोय मला. तुम्ही पैठणकर सरच ना? छावणीच्या शाळेतले? सायन्सवाले?" सांडूने फोन बाहेर काढला. "माझी बायको तुमच्या हाताखाली शिकली. सुरेखा. दहा वर्षं झाली लग्नाला, रोज तुमचं नाव ऐकायलो मी. मी आवाज चढवला की, 'पैठणकर सर कधी ओरडले नाहीत.' मी काही इसरलो की, 'सरांना साठ पोरांची नावं पाठ होती.' भाजीत मीठ कमी हाय म्हटलं तरी सर! सर असं करायचे, सर तसं करायचे. लई जळायलो हो मी तुमच्यावर. आज कामाच्या यादीत तुमचं नाव दिसलं, तसं दुसऱ्या पोराचं काम मी मागून घेतलं. म्हटलं, हा मानूस एकदा बघायचाच."

भिंतीला चिकटलेल्या केशवरावांनी जमेल तेवढी मान वळवून सांडूकडे पाहिलं. सकाळपासून आपण ज्याच्यावर जळत होतो, तो दहा वर्षांपासून आपल्यावर जळत होता. थोडं बरं वाटलं. मग डोक्यावरून पाण्याचा एक थेंब नाकावर आला, आणि ते बरं वाटणं कमी झालं.

"म्हनून म्हनतो, एक फोटो. तिला दाखवतो, म्हंजे घरात जरा माझीबी किंमत वाढंल."

नाही म्हणायच्या स्थितीत केशवराव नव्हते. सांडूने एक समोरून घेतला, एक बाजूने घेतला आणि बाल्कनीत जाऊन बोटांचाही एक घेतला. तिन्ही बायकोला पाठवले. मग नुसता हात वर करून घड्याळाची कडी सोडली. केशवरावांचा हात सुटला तो इतक्या झटक्यात, की ते शिडीवरून थेट पलंगावर बसले.

पुढचं काम सांडूने शीळ घालत केलं. नट बसवला, नळ्या जोडल्या, पंप लावून त्यांतली हवा ओढून घेतली, गॅस सोडला. रिमोटचं बटन दाबलं, तशी यंत्राने जीभ बाहेर काढल्यासारखी पट्टी उघडली. दहा मिनिटांनी त्याने हवेच्या तोंडाशी थर्मामीटर धरला. "बारा डिग्री. एकदम ओके."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुरेखाचा व्हिडिओ कॉल होता. सांडूने ऐटीत फोन सगळ्यांना दिसेल असा धरला.

"पाह्यले का फोटो?" त्याने विचारलं.

"पाहिले! सर कुठंयत? सर, नमस्कार!" पलीकडून आवाज आला. "अहो सर, तुम्ही अजून तस्सेच! या वयात शिडीवर चढून स्वतःच्या हातानं काम करायलात! अंगावर पाणी पडलं तरी चेहरा किती शांत! आन तुम्ही हो," आवाज नवऱ्याकडे वळला, "लोकांच्या घरी नळ्या जोडत फिरता, आन आपल्या मोरीतला नळ संक्रांतीपासून गळायलाय! शिका सरांकडून. सर सोताच्या घरात हात घालतात!"

"आगं, त्यांचा हात अडकला होता..."

"काम करणाऱ्याचाच अडकतो!"

फोन बंद झाला. सांडूची शीळ पुन्हा काही सुरू झाली नाही. त्याने चादर घडी केली, शिडी खांद्यावर घेतली आणि दारात जरा घुटमळला.

"सर, पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगला दुसऱ्या कुनाला पाठवलं तर चालंल का?"

"चालेल की," केशवराव मोठ्या मनाने म्हणाले.

दार लागलं. खोली गार होत चालली होती. कालिंदीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या, टॉवेल नवऱ्याच्या हातात दिला आणि हवेच्या झोताकडे बघत सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही सुरेखा म्हणजे कोण हो? नाव कधी काढलं नाहीत ते."

केशवरावांनी टक्कल पुसता पुसता खूप आठवून पाहिलं. दोन वेण्यांच्या शेकडो मुली डोळ्यांसमोरून गेल्या. त्यात सुरेखा कुठली, हे काही केल्या त्यांना आठवेना.

"होती," ते म्हणाले. "हुशार होती."

कालिंदीबाईंनी रिमोट उचलला आणि एसी बंद केला.