मेलं कोन? नाव सांगा!

मयताच्या घरी जाऊन रडणाऱ्यांवरच खेकसणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आम्ही पाहिलाय. आमच्या कंग्राळीत तो माझ्या शेजारीच राहतो, आणि सांगताना आजही माझं डोकं तापतं.

आप्पा तसे साधे. बेळगावात कारखान्यात नोकरी, सुट्टीदिवशी शेती. निवृत्त झाले आणि नेमकं टिळकवाडीत कुणा स्वामींचं आठवडाभर प्रवचन झालं. गावातले बाकीचे प्रसाद घेऊन आले, आप्पा अर्थ घेऊन आले. ‘शिवोऽहम्’चा अर्थ! "मी मन न्हवं, शरीर न्हवं. मला जलम न्हाय, मरन न्हाय. आई न्हाय, बा न्हाय. मी शिव हाय!"

चांगलं आहे की! म्हणावं आणि गप घरात बसावं. पण छे! कुठं रडण्याचा आवाज आला की हे टोपी चढवून हजर. "मेलं कोन? नाव सांगा!" बिचाऱ्यांनी नाव सांगितलं की, "ते शरीराचं नाव! मेलं कोन ते सांगा!"

एकदा कोगनोळीला पाव्हण्यांच्या मयताला गेलते. तिथं काही मंडळी कानडीत रडत होती, तर यांनी कानडीतनंही दरडावलं, "सत्तवरु यारु?" मेलं कोण, तेच. रडणं मराठीत असो नाहीतर कानडीत, आप्पांना दोन्ही सारखंच चूक. अद्वैत म्हणतात ते हेच असावं. पाव्हण्यांनी त्यांना चहासुद्धा न देता बसमध्ये बसवून दिलं.

माझे वडील गेले तेव्हा आईनं हंबरडा फोडला. हे अंगणातूनच ओरडले, "वैनी, गप्प बसा! अर्थ कळंना व्हय तुमास्नी?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चार माणसांनी मला धरून ठेवलं.

माझं राहिलेलं काम पुढं आमच्या गल्लीतल्या परशानं केलं. त्याची गाभण म्हैस मेली, आणि आप्पा गोठ्यात शिरले. "परशा, म्हशीतबी शिवच हाय रं."

परशानं काठी उचलली. "आप्पा, तुमीबी शिव, मीबी शिव. आता ही पाठीत बसल्यावर बोंबलतंय कोन, बघूच!"

शरीर नसलेला माणूस इतक्या जोरात पळताना मी पहिल्यांदाच पाहिला.

आप्पांची बायको, शेवंताकाकी, मात्र त्यांच्या मागनं यायची. रडणाऱ्या बाईला पोटाशी धरायची, स्वतःही रडायची. "त्येंचं लई मनावर घिऊ नगा," म्हणायची. मयताच्या घरात चूल पेटत नाही. तिथं पहिली पिठलं-भाकरी पोचायची ती काकीचीच.

गेल्या मार्गशीर्षात काकीच गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि तिथंच कोसळली.

सगळी गल्ली अंगणात गोळा झाली. आणि काय सांगू, कुणी रडेचना! एकाही बाईची हिंमत होईना. माझी आई तोंडात पदराचा बोळा कोंबून बसलेली. परशा खाली मान घालून उभा. खोटं कशाला बोलू, मी आतून खदखदत होतो. विचारा की आता, आप्पा! विचारा, मेलं कोण!

आप्पा काकीच्या उशाशी बसले होते. एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. मग ताडकन उठले, लालबुंद झाले आणि ओरडले, "मानसं हैसा का दगडं रं? तुमच्या घराघरात जाऊन रडली ही! आनि हिच्यासाठी एकाच्याबी डोळ्यात पानी न्हाय?"

मागनं कुणीतरी चाचरत म्हणालं, "आप्पा, तुमीच म्हणतासा न्हवं... मेलं कोन म्हणून?"

"माझी शेवंता मेली!" आप्पांचा आवाज चिरकला. "शिव मरत न्हाय, म्हाईत हाय मला! पन आता मी हाक मारल्यावर ओ कोन देनार?"

आईनं तोंडातला बोळा काढला आणि हंबरडा फोडला. तिच्यामागोमाग सगळ्या बाया फुटल्या. परशानंही टोपीत तोंड लपवलं. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही.

आप्पा हळूहळू आईपाशी आले आणि तिच्यासमोर मातीतच बसले. डोळे कोरडे ठणठणीत.

"रडा, वैनी," ते म्हणाले. "मला रडू ईना झालंय. माझ्या वाटचंबी तुमीच रडा."