कुलूप बसवायचे किती?

वेळ रविवारी सकाळी दहाची. स्थळ तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट. पुढच्या दाराला कुलूप नव्हतं. कुलपाच्या जागी एक भोक होतं आणि त्यातून जिन्यातला दिवा दिसत होता.

हा फ्लॅट हेडक्लार्कसाहेबांचा. खरेदी विभागात एकतीस वर्षं नोकरी. (या एकतीस वर्षांत त्यांच्या सहीशिवाय ऑफिसात टाचणीसुद्धा आलेली नाही. टाचण्या कधीच वेळेवर आल्या नाहीत, हा भाग वेगळा.) आदल्या संध्याकाळी त्यांनी दाराची किल्ली फिरवली तर किल्लीबरोबर जुनं कुलूपच हातात आलं. बाहेरून लावायला कडीही नव्हती. ती मागच्या रंगकामात गेली होती.

त्याच संध्याकाळी ते नवं कुलूप घेऊन आले. गोल मुठीचं, चकचकीत. दुकानदार म्हणाला, "आमचा माणूस पाठवतो, बसवायचे साडेचारशे."

इथे कुणीही शहाणा माणूस "पाठवा" म्हणाला असता. कारण दुसऱ्या दिवशी दुपारी एक चाळीसची गाडी होती. लेकीला मुलगी झाली होती. नात आठ दिवसांची झाली तरी आजोबांनी तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं, तेही बहुतेक वेळा तिचा कानच. तिकिटं काढलेली, बॅगा भरलेल्या. नातीसाठी बोटाएवढे मोजे घेतलेले. (तीन दुकानांत भाव विचारून.) दार बंद झालं तरच दोघं निघणार होती.

पण साहेब म्हणाले, "असं कसं? तीन कोटेशनं हवीत."

म्हणून रविवारी दहा वाजता तीन माणसं एकदमच दारात उभी राहिली. पहिला म्हातारा सुतार, कानावर पेन्सिल. दुसरा कोपऱ्यावरचा चावीवाला, कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की तो जिना चढतोय हे पहिल्या मजल्यापासून कळलं. तिसरा कुठल्याशा कंपनीचा माणूस, पिवळा टी-शर्ट आणि हातात ड्रिल. तिघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की जणू एकाच मुलीला बघायला आलेले तीन नवरदेव.

साहेबांनी प्रत्येकाला एक कागद आणि एक पाकीट दिलं.

"दर लिहा, पाकीट बंद करा."

"तोंडी सांगतो की," सुतार म्हणाला.

"तोंडी चालत नाही."

"कुलूप तोंडीच बसवणार आहे का मी?"

तरी तिघांनी लिहिलं. साहेबांनी पट्टी घेऊन लाल रेघांचा तुलनात्मक तक्ता आखला आणि पाकिटं फोडली. सुताराचे साडेतीनशे, भोक वेगळं. चावीवाल्याचे तीनशे, चौकटीतली लोखंडी पट्टी वेगळी. टी-शर्टवाल्याचे दोनशे नव्याण्णव, येण्याचे वेगळे.

"येण्याचे वेगळे म्हणजे?"

"मी आलोय ना सर, त्याचे."

"न येता कुलूप कसं बसवणार होतास?"

"नाही, न येता नाही बसवत आम्ही."

साहेबांनी तक्त्यात एक रकाना वाढवला. "बरं, सुतारकाका, भोक धरून किती?"

"कुठलं भोक? दाराचं की चौकटीचं?"

"दोन्ही."

"म्हणजे दोन भोकं झाली."

"तीन," चावीवाला म्हणाला. "कुलपाच्या जिभेचं राहिलं."

"आणि हे जुनं भोक?"

"ते बुजवावं लागेल. बुजवायचे वेगळे."

"अहो, भोक पाडायचेही पैसे आणि बुजवायचेही?"

"साहेब, रस्ता खणणारे तेच करतात. त्यांना कुणी विचारतं का?"

साहेबांनी आणखी एक रकाना आखला. (रस्त्यांचं उत्तर आमच्याकडेही नाही. बावीस वर्षं विचारतो आहोत.) एका साध्या दाराला एक साधं कुलूप बसवायचे किती, याचा एक आकडा सांगणारा माणूस जगात असेल, तर त्याने पुढे यावं, आम्ही त्याचा फोटो छापू. तक्ता आता सात रकान्यांचा झाला होता आणि एकाही रकान्यातला आकडा दुसऱ्याशी बोलायला तयार नव्हता.

"फेरनिविदा!" साहेब म्हणाले. "सगळं धरून एकच आकडा लिहायचा. आणि एकमेकांशी बोलायचं नाही."

बोलू नये म्हणून सुताराला स्वयंपाकघरात बसवलं, चावीवाल्याला गॅलरीत आणि टी-शर्टवाल्याला आतल्या खोलीत, बॅगांशेजारी.

"माझा भाऊ आला की त्याला हॉलमध्ये जमिनीवर झोपवता," बायको म्हणाली, "आणि यांना एकेक खोली!"

"अगं, गुप्तता असते."

"बारा वाजायला आले. एकला टॅक्सी येणार आहे. मी त्या पोरीला शब्द दिलाय, आज येतो म्हणून. ती कालपासून वाट बघतेय, जावई एकटे काय काय करणार?"

"मलाही यायचंच आहे ना? नियमाने केलं की काम पटकन होतं."

बायकोने यावर फक्त चहा टाकला. तीन कप घेऊन ती तीन ठिकाणी जाऊन आली. पाच मिनिटांत तिन्ही पाकिटं टेबलावर.

साहेबांनी पहिलं फोडलं. साडेचारशे. दुसरं. साडेचारशे. तिसऱ्याला हात लावताना त्यांचा चेहरा लाल झाला.

"संगनमत!" ते ओरडले. "हे उघडउघड संगनमत आहे!"

"मीच सांगितलं त्यांना," बायको म्हणाली. "दुकानदाराचा तोच भाव होता, म्हटलं तोच लिहा आणि लागा कामाला."

"तू? माझ्या घरात? निविदा फोडलीस?"

"चहाबरोबर सांगितलं. कुलूप बसवा आता!"

पण तिघांतल्या कुणाला सांगणार? तिघांचे दर समान. आणि दर समान असले तर काम समान वाटून द्यायचं, हा नियम साहेबांना झोपेतही पाठ होता. त्यांनी नवा कागद घेतला. भोकं पाडणे आणि बुजवणे, सुतार. चौकटीत पट्टी बसवणे, चावीवाला. स्क्रू पिळणे, टी-शर्टवाला. तिघांनी कागद वाचला, माना डोलावल्या आणि एकाच दाराला तिघं भिडले.

पुढचा पाऊण तास दाराचं काय चाललं होतं ते कुणालाच नीट कळलं नाही. सुतार आतून ठोकत होता, चावीवाला बाहेरून चौकट कोरत होता, मधे टी-शर्टवाला "सर, जरा दार धरा, सर, जरा दार सोडा" म्हणत होता. साहेबांनी दार धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. एकदा कुणीतरी त्यांच्या हातात कुलपाची अर्धी मूठ दिली, आणि दुसऱ्याच कुणीतरी ती काढून घेतली. भुश्शाने त्यांचा चष्मा पांढरा झाला होता.

पावणेएकला काम संपलं. साहेबांनी मूठ फिरवली. फिरली. कुलपाची जीभ आत गेली, बाहेर आली. त्यांनी प्रसन्न होऊन काम पूर्ण झाल्याचा दाखला लिहिला, खाली सही ठोकली आणि खिशातून साडेचारशे काढले.

"हे घ्या, तिघांत दीडशे दीडशे."

"दीडशे कसे, काका?" चावीवाला म्हणाला. "माझ्या पाकिटात साडेचारशे लिहिलंय. तुम्ही मान्य केलंत."

"ते अख्ख्या कामाचे!"

"काम तुम्ही कमी केलंत, दर नाही केलात," सुतार म्हणाला. "तसं कागदावर कुठे आहे?"

साहेबांनी कागद पाहिला. कागदावर नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी हेच वाक्य कंत्राटदारांना ऐकवलं होतं. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. साहेबांनी साडेतेराशे मोजून दिले. टी-शर्टवाल्याने येण्याचे माफ केले, मॅडमच्या चहाखातर.

तिघं गेले. बायको बॅगा घेऊन बाहेर जिन्यात उभी राहिली. किल्ल्या तिच्या पर्समध्ये. साहेब गॅस बंद आहे का ते बघायला पुन्हा आत.

"अहो, इथे बाहेर एक बटण आहे. दाबू?"

"दाब, दाब! दाबलं की लॉक होतं!"

तिने बटण दाबून दार ओढलं. साहेब आतून मूठ फिरवायला लागले. हलेना. चष्मा पुसून वाकून पाहिलं तर त्यांच्या नाकासमोर किल्लीचं भोक. तेवढ्यात बायकोने बाहेरून मूठ फिरवली आणि दार अलगद उघडलं. किल्ली न लावता.

 कुलूप उलटं बसलं होतं. बाहेरून कुणीही यावं, आतल्याने किल्लीशिवाय निघू नये.

"सुताराला हाक मार!"

"गेला तो! टॅक्सी ओरडतेय!"

"मग आता?"

बायकोने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "मी जाते," ती म्हणाली. "तुम्ही घर राखा. मोजे द्या इकडे."

साहेबांनी खिशातून मोजे काढून दिले. देताना एक खाली पडला, तो उचलून त्यांनी त्यावर फुंकर मारली. "तिला सांग, आजोबा..." म्हणाले आणि मोज्यांची जोडी पुन्हा नीट जुळवून दिली.

"सांगते. काय सांगायचं ते बरोब्बर सांगते," म्हणत बायकोने सवयीने दार ओढलं आणि ती जिना उतरून गेली.

साहेब मुठीशी झटले. बाहेरचं बटण दाबलेलंच होतं, दार पुन्हा बंद.

त्यांनी बायकोला फोन लावला. "अगं, किल्ल्या!"

"आहेत माझ्याजवळ, हरवल्या नाहीत. तुम्ही आतच आहात ना? मग किल्ली कशाला?" आणि गाडीच्या गलक्यात फोन कटला.

मग त्यांनी तिघांना फोन केले. सुतार म्हणाला, माझ्याकडे भोकं, ती बरोबर जागी आहेत. चावीवाला म्हणाला, माझ्याकडे पट्टी, तिला उलटसुलट नसतं. टी-शर्टवाला म्हणाला, सर, मी फक्त स्क्रू पिळले, कुलूप आधीच आत होतं.

साहेबांनी कामवाटपाचा कागद पुन्हा वाचला. भोकं, पट्टी, स्क्रू. कुलूप दारात घालणे हे काम त्यांनी कुणालाच दिलेलं नव्हतं. तरी कुलूप दारात आहे, आणि "काम समक्ष उभं राहून तपासलं" या दाखल्यातल्या ओळीखाली हेडक्लार्कसाहेबांची झोकदार सही आहे. कुलूप कुणी घातलं, याचा खुलासा अद्याप झालेला नाही.