बाबांची काटकसर

मोजण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. अख्खा जन्म गोदामात पोती मोजण्यात गेलाय! त्यामुळे न्यूमोनियातून उठलेले सासरे सासूबाईंसोबत आमच्याकडे राहायला आले आणि सिस्टरनी रोज त्यांचे श्वास मोजायला सांगितले, तेव्हा मी बायकोच्या हातातलं घड्याळ काढूनच घेतलं.

"बाबा, श्वास जास्त झाले की पुन्हा दवाखाना बरं का," असं मी त्यांना खणखणीत आवाजात बजावलं.

पहिल्याच दिवशी आकडा भलताच वर! मी गाडी आणायला धावलो, तर बायकोने मला दारातूनच ओढून आणलं. बाबा नुकतेच जिना चढून आले होते आणि आल्या आल्या माझ्याशी पंख्यावरून भांडले होते. तुमच्याशी भांडून कुणाचा श्वास जागेवर राहील, असं ती म्हणाली. थोडं बसू दिल्यावर आकडा उतरला.

दुसऱ्या दिवशी मात्र तो फारच उतरला. मिनिटाला सहा! बाबा गाल फुगवून छताकडे बघत बसलेले, चेहरा लालबुंद. काय होतंय विचारलं तर नुसती मान हलवायचे, तोंड उघडायला तयार नाहीत. सिस्टर मागच्याच गल्लीत राहतात, त्यांना अक्षरशः पळवत आणलं.

नाडी बघते म्हणून त्यांनी बाबांचा हात धरला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि गुपचूप छातीकडे बघत श्वास मोजले. अगदी व्यवस्थित!

"मोजतायत हे कळलं की श्वास बदलतो," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही तर दवंडीच पिटलीत."

बाबांनी मान खाली घातली. "तिथे रात्री हिला घरी पाठवतात. मला परत नाही जायचं. म्हणून जरा काटकसर करत होतो."

सासूबाईंना एकदम स्वयंपाकघरातलं काम आठवलं. मलाही फार वाईट वाटलं.

दवाखान्याची काही गरज नाही, असं सिस्टरनी सांगितलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी नाडीच्या नावाखाली बाबांचा हात धरून बसतो. त्यांना सगळं ठाऊक आहे, पण ते पंख्याबद्दल बोलत राहतात. मिनिट संपलं तरी मी हात सोडत नाही आणि तेही सोडवून घेत नाहीत.

काल सासूबाईंनी विचारलं, "किती भरले?"

मोजायचंच राहिलं होतं!