कुंदाकाकूंच्या गंजाचं बूड

लेकाच्या उष्टावणाची खीर आटोपली आणि घासताना कुंदाकाकूंकडून उसना आणलेला ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, गौरीच्या हातून सुटून दगडावर आदळला. पाणी भरून पाहिलं, तर बुडातून टप्, टप्. शेजारच्या कुंदाकाकू उसना दिलेला चमचाही उजेडात धरून परत घेणाऱ्या. त्यांनी तोंड उघडलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या नेर गावात गौरीचा उद्धार ठरलेला.

लेकाला सासूकडे देऊन तिनं प्रेमसिंगचं वेल्डिंगचं दुकान गाठलं. त्यानं पाच मिनिटांत टाका मारला. पाणी ओतलं, तर आता एका जागेऐवजी अकरा जागी ठिबकू लागलं.

"भाऊ, गंज दिला होता मी, चाळणी नाही!"

"ॲल्युमिनियम हाय ताई. बुडबुडे येतेच त्यात."

गौरी बी.एस्सी. होती. शिवाय लेक झाल्यापासून शिंकेचंसुद्धा मूळ मोबाईलवर शोधायची. तिनं तिथंच शोधलं. "ओल, तेल राहिलं की हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि गार होताना अडकतो. ती पल्सवाली मशीन लावा. करंट ठोक्याठोक्यानं कमीजास्त होतो, बुडबुड्यांना निसटायला सवड मिळते."

नवी कोरी पल्सवाली मशीन कोपऱ्यात हार घालून बसली होती. "तिची पूजा व्हायची हाय अजून."

"मग करा की आत्ता!"

पूजेची तयारी होईतो गौरीनं सांधा तारेच्या ब्रशनं खरवडला, ॲसिटोननं पुसला. बाळाच्या दुधाच्या बाटलीलाही तिनं इतकं छळलं नव्हतं. तेवढ्यात प्रेमसिंगची आई मैनाबाई आल्या. त्यांनी मशीनला कुंकू लावलं, पहिलं काम म्हणून ओल्या बोटानं गंजालाही लावलं, नेमकं सांध्यावर, आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलं.

"आजी, पाणी नको! हायड्रोजन शिरतो!"

"काहून वो? देवाचं पाणी हाय. त्यात कायचा आला तुहा हायड्रोजन?"

"देवाच्या पाण्यातही तोच असतो, आजी!"

पुन्हा खरवडा, पुन्हा पुसा, पुन्हा वाळवा. मग मशीन गुरगुरली. सांधा असा बसला की एक थेंब गळेना. "वरून पॉलिश मारा," गौरी म्हणाली. "काकूंना काही दिसता कामा नये."

गौरीनं गंज परत नेऊन दिला. काकूंनी त्यात पाणी भरलं, बुडाखाली हात फिरवला. हात कोरडा. त्या भडकल्या.

"माहा गंज कुठी हाय?"

"हाच तर आहे, काकू!"

"मले शिकवते का? माह्या गंजाले भोक हाय. धा वर्स झाले, कणीक थापून वापरतो मी. माह्या मायनं देल्ला होता! हा कोणाचा आणून राह्यली तू?"

गौरी गंज बगलेत मारून धावत प्रेमसिंगकडे. "भाऊ, एक भोक पाडून द्या!"

प्रेमसिंगनं मशीनपुढे आडवा हात धरला. "पहिलं काम हाय ताई तिचं. माह्या जिवात जीव हाय तोवर भोक नाही पडत."

गौरी घरी आली. चकचकीत बुडाला काजळी फासली, त्यावर कणकेचा गोळा थापून गॅसवर करपवला आणि गंज पुन्हा काकूंपुढे ठेवला.

काकूंनी पाणी भरलं, कणकेवर बोट फिरवलं आणि विरघळल्या.

"हां, हा माहा! पण पोरी, कणीक मस्त दाबून लावतेस वो तू. मले नव्हती कधी अशी जमली."