वहिनींच्या मापाचं पिस्तूल

आमच्या कंपनीतले पाटणकर खिशात बायकोच्या पंजाचं चित्र घेऊन फिरायचे. वहिनींनी कागदावर हात ठेवून कडेनं पेन्सिल फिरवलेली, प्रत्येक बोटाची लांबी शेजारी लिहिलेली. बायकोच्या बांगडीचं माप घेऊन दुबईत देराच्या सोनेबाजारात जाणारे नवरे आम्ही पुष्कळ पाहिले होते. पाटणकरांना पिस्तूल घ्यायचं होतं.

इथे नव्हे. इथे आपल्यासारख्याच्या घरात पिस्तूल सापडलं, तर आधी आपणच आत जाऊ. पिस्तूल हवं होतं साताऱ्याला. वहिनी तिथे शाळेत शिकवायच्या, मुलगी पुण्याला हॉस्टेलवर, आणि शेजारच्या बंगल्यात चोर शिरले तेव्हापासून पाटणकरांच्या डोक्यात हे खूळ. वहिनींच्या नावानं परवान्याचा अर्ज गेलेला. "मिळेल, इन्शाल्ला. तोवर मॉडेल फायनल करू," ते म्हणायचे.

ते फायनल करणं दोन वर्षं चाललं. हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या स्टोअरमध्ये ते साधा वॉशरसुद्धा मोजल्याशिवाय आत घेत नसत, मग पिस्तुलाला सूट कुठली? नेटवरचे फोटो खऱ्या मापात छापून आणायचे आणि वहिनींच्या पंजावर ठेवायचे. "हे बघ, तर्जनी ट्रिगरपर्यंत पोचत नाही. खलास." दुसरं जड. "सातशे ग्रॅम. तिला भाजीची पिशवी उचलवत नाही, यार." तिसरं हलकं, पण हलक्याला झटका जास्त. "मनगट दुखायचं तिचं. दिवसभर फळ्यावर लिहायचं असतं." चोराचं काय होईल, याचा विचार त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही.

शेवटी वैतागून एका शुक्रवारी मीच त्यांना उम्म अल कुवैनच्या एका शूटिंग क्लबात नेलं. पाटणकरांनी आयुष्यातली पहिली गोळी झाडली, ती दोन्ही डोळे गच्च मिटून.

"हबीबी, आँख तो खोलो," शिकवणारा म्हणाला.

पाटणकरांनी पिस्तूल अलगद टेबलावर ठेवलं. "आवाज फार आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले. "ती घाबरेल."

मग आठ सालची मंदी आली. दुबईतल्या क्रेन थांबल्या, आमचे पाइप यार्डात पडून राहिले आणि पुढच्या वर्षी कपातीच्या यादीत पाटणकरांचं नाव लागलं. अठरा वर्षांची नोकरी. मी त्यांना भेटायला स्टोअरमध्ये गेलो. त्यांचे डोळे लाल होते, रडून झालं असावं. समोर साताऱ्याला पाठवायचं पत्र होतं. परवान्याचा अर्ज मागे घेत असल्याचं.

"अहो, दोन वर्षं घालवलीत त्यात," मी म्हटलं.

"आता काय करायचंय ते?" ते म्हणाले. "चोरी झाली तेव्हापासून रोज रात्री तिला फोन करतो. बोलणं संपलं तरी ठेवत नाही. ती दाराला कडी लावते, ती ऐकू आली की मग ठेवतो." पत्राची घडी घालत म्हणाले, "आता कडी मीच लावणार. आतून."

नोकरी गेलेल्या माणसाचा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता.