माशांचं पाणी कॉम्प्युटरला

रविवारी सकाळी मी माशांची टाकी साफ करायचं ठरवलं. एवढंच. आदल्या दिवशी आमची सुमती सहज म्हणाली होती, "अहो, आत मासे आहेत, की आपण नुसतं हिरवं पाणीच पाळलंय?" ती शेलार गावाला गेली होती, परत येईपर्यंत टाकी चकाचक करून दाखवावी, असा माझा बेत. (बायको घरात नसताना मला असले बेत सुचतात. ती असताना ते तिला आधीच कळतात.)

बादलीबादलीनं पाणी उपसायचं म्हणजे कंबर जाते. पेपरातल्या पुरवणीत सोपा उपाय आला होता. नळीचं एक टोक टाकीत सोडा, दुसरं तोंडानं ओढा. पाणी आपोआप वाहू लागतं. ते आपोआप थांबत नाही, हे छापायला बहुधा जागा उरली नसावी.

टाकीच्या शेजारी, खाली फरशीवर, आमच्या कॉम्प्युटरचा सीपीयू. उन्हाळ्यात तापतो म्हणून त्याचं झाकण मीच काढून ठेवलेलं. तो चालूच होता, कारण पत्त्यांचा माझा डाव अर्धा राहिला होता. मी नळी ओढली. पाणी इतक्या तत्परतेनं आलं की अर्धी टाकी माझ्या घशात. मी खोकलो, नळी हातातून सुटली, आणि तिचं टोक बरोबर सीपीयूच्या उघड्या पोटात जाऊन पडलं.

मी धावत स्वयंपाकघरात गेलो, बादली घेऊन धावत आलो आणि मग मला कळलं की आधी नळी उचलायला हवी होती. फट्ट! पडद्यावर जिथं बदामची राणी होती, तिथं माझं तोंड दिसायला लागलं.

कॉम्प्युटर गेला याचं मला एवढं काही वाटलं नसतं. पण त्यात सुमतीचे धवले होते. आमच्याकडं आगरी लग्नात धवलारीण गाते ती गाणी. शेलारच्या हौसाआत्या मोठ्या नावाजलेल्या धवलारीण. गेलं वर्षभर शाळेतली नोकरी सांभाळून सुमती त्यांच्याकडं जायची, गाणी कागदावर उतरवायची, घरी येऊन टाइप करायची आणि टाइप झालं की कागद टाकून द्यायची. म्हणायची, "आता कॉम्प्युटरमध्ये आहे ना, पसारा कशाला?"

मी प्लग काढला आणि शेजारच्या केसरीनाथला हाक मारली. केसरीनाथ हौसाआत्यांचा भाचा. त्याचे स्वतःचे कापड विणायचे लूम आहेत आणि फिरणारं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं, असं तो मानतो.

"काय झाला रं श्रीनाथभाऊ?"

"कॉम्प्युटरमध्ये पाणी गेलं."

"किती?"

मी टाकीकडं बोट दाखवलं. त्यानं टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मासे तरी ठेवलंस?"

सीपीयू उलटा केला तेव्हा पाणी, शेवाळ आणि थोडी रंगीत खडी पडली. "ऊन दाखवू," केसरीनाथ म्हणाला. आम्ही तो गच्चीवर नेला. ऊन कडक होतं. पण शेजारीच केसरीनाथच्या लूमचा पंखा, आणि त्यातून उडणारा कापसाचा भुसा. ओल्या सीपीयूवर तो असा काही चिकटला की थोड्या वेळानं आम्ही वर गेलो, तर कॉम्प्युटरला पांढरी दाढी आलेली.

"म्हातारा झाला," केसरीनाथ म्हणाला.

मग रंगाच्या ब्रशनं दाढी केली. खाली आणून टेबलफॅनसमोर ठेवला. चांगला कोरडा झाल्यावर प्लग लावून बटण दाबलं. पडदा काळाच. फक्त आतून आवाज आला – टीं, टीं, टीं.

"बोलतंय! म्हंजे जिता हाय," केसरीनाथ म्हणाला.

मी कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या चंद्राला फोन लावला. त्यानं आवाज ऐकला आणि म्हणाला, "काका, प्लग काढा. मग रॅम काढा, पुसा आणि परत बसवा."

"राम?"

"रॅम, रॅम! बाहेर काढा!"

केसरीनाथनं लगेच डोक्यावरची टोपी काढली. "राम बोलतो? तवा तर गेलाच."

"अरे, पट्टी असते ती! तिची सोनेरी कडा खोडरबरानं घासायची!" चंद्रा तिकडून ओरडला.

मी पट्टी काढून घासायला बसलो आणि दारात सुमती. तिच्यामागं, गाठोडं घेतलेल्या हौसाआत्या. सुमतीनं ओली फरशी बघितली, उघडा कॉम्प्युटर बघितला, माझ्या हातातलं खोडरबर बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली आणि हळूच म्हणाली, "माझे धवले..."

माझ्याच्यानं मान वर करवेना.

आत्यांनी गाठोडं खाली ठेवलं. "काय झाला गो?"

"आत्या, कॉम्प्युटरच्या डब्यात पाणी गेलं," सुमती म्हणाली. "तुमची सगळी गाणी त्यात होती."

"डब्यान पानी गेला ना? माझे डोक्यान न्हाय गेला," आत्या म्हणाल्या आणि ऐसपैस मांडी घालून बसल्या. "घे कागद. पयल्यापासून लिव."

त्यांनी हळदीचा धवला सुरू केला. सुमतीनं डोळे पुसले आणि लिहायला घेतलं. मी खाली मान घालून घासत राहिलो. केसरीनाथ पट्टीवर फुंकर मारत होता. पट्टी खाचेत दाबून बसवली, प्लग लावला, बटण दाबलं. एकच टीं. आणि पडदा उजळला!

"झाला! चालू झाला!" मी ओरडलो.

"गप रं, गाना चाललाय," आत्या म्हणाल्या.

धवला संपल्यावर सुमतीनं फाइल उघडली. सगळं जसंच्या तसं होतं. ती पहिल्यांदा हसली, मग म्हणाली, "अहो, पण पाणी गेलंच कसं?"

मला सांगावंच लागलं. पेपर, नळी, घसा, बादली, सगळं. आत्या मन लावून ऐकत होत्या. माझं संपताच त्यांनी डोळे मिटून सूर लावला:

"शिरीनाथ दादा पानी वडतो गो,
वडला पानी डब्याला पाजतो गो,
डबा बिचारा उचक्या देतो गो..."

सुमतीनं तेही टाइप केलं आणि या वेळी दोनदा सेव्ह केलं.

आता शेलारकडच्या लग्नांत तो धवला हमखास होतो. परवा एका मांडवात मी जेवायला बसलो होतो. बायकांनी तेच गाणं धरलं, आणि खुद्द नवरदेव पाटावरून उठून माझ्याकडं आला. मला वाटलं, पाया पडणार. त्यानं वाकून माझ्यापुढचा पाण्याचा पेला उचलला आणि म्हणाला, "काका, जरा लांब ठेवतो. बाजूला डीजेचा कॉम्प्युटर हाय."